पांझरेच्या पलीकडचा आवाज

त्या दिवशी लाइट सकाळीच गेली होती. मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटून राहिली होती, कूलर बंद पडला होता आणि मी ओल्या पंच्याने मान पुसत डब्याच्या पोळ्या लाटत होते. जळगावचा मे महिना. सकाळी आठलाच खिडकीच्या गजाला हात लावावा तर चटका बसतो. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल वाजत नसली की माणसं जोरात थापा मारतात, ही मात्र अगदी हळू होती. मारणाऱ्याला ती कोणाला ऐकू जावी असं वाटतच नसावं.

दार उघडलं तर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात नायलॉनची पिशवी. सदरा रात्रभर अंगावर राहिल्यासारखा चुरगळलेला.

"मोबाइलमा बोलतस त्या बाई आठेच ऱ्हातस ना?"

मला हसू आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलवर न बोलणारी बाई शोधावी लागेल. पण त्यांना कोण हवं होतं ते लगेच लक्षात आलं. वरच्या मजल्यावरची चारुलता. ती पॉडकास्ट करते. 'चारूचा वट्टा' असं त्याचं नाव. वट्टा म्हणजे घरापुढचा ओटा, बायका बसतात तो. त्यात ती अहिराणीत बोलते, गाणी म्हणते, म्हाताऱ्या बायकांना बोलतं करते.

"तुम्हाला पत्ता कसा मिळाला भाऊ?" मी विचारलं.

"त्या सांगतस ना गानामा. पानीनी टाकी, खाले चक्की, वर मी. चक्कीवाल्याले इचारं." मग त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली. "मी प्रेमराज. गानामाधला."

माझं हसू तिथंच थांबलं. त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी गॅस बंद केला आणि वर चारूला बोलवायला गेले.

पण आधी चारूबद्दल सांगायला हवं. ती नुसती मोबाइलवर बडबडणारी बाई वाटली तर पुढचं काहीच कळायचं नाही.

चारू धुळ्याकडची. पांझरेच्या काठी तिचं माहेर. लग्न होऊन इथं आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, की आपल्याकडे चार माणसं येतात-जातात, तेव्हा ते अहिराणीतलं शे-बिशे माहेरीच ठेवायचं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार. चारूने ठेवलं. बी.ए. झालेली मुलगी, चांगलं मराठी येत होतंच. पियुष झाला, तोही शाळेत चांगलं मराठी बोलला. नवरा भूपेंद्र पाइपच्या कारखान्यात शिफ्टला, घरी आला की कमी बोलणारा. अहिराणी उरली ती आईशी फोनवर. रोज दुपारी जेवण झालं की चारू गॅलरीत उभी राहून आईशी बोलायची आणि तिचा आवाजच बदलायचा. मोठा व्हायचा, मोकळा. खालून मी ऐकायचे. एरवी ही बाई जिन्यात भेटली तरी "काय वहिनी, झालं का" एवढंच म्हणणारी.

मग आई गेली. दुपारी गॅलरी सुनी झाली. पियुष पुण्याला नोकरीला लागला. एकदा सुट्टीला आला तेव्हा आई एकटीच स्वयंपाकघरात डबे पुसता पुसता गेलेल्या आजीशी बोलल्यासारखी बोलते आहे, हे त्याने ऐकलं. त्याने काही चेष्टा केली नाही. तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "आई, इथं बोल. ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

पहिल्या भागात तिने कळण्याच्या भाकरीबद्दल सांगितलं. उडीद किती, ज्वारी किती, आणि तिची आई पीठ मळताना कोणाकोणाला नावं ठेवायची ते. दहाबारा जणांनी ऐकलं असेल, त्यात मी एक. मग एके दिवशी सुरतेहून एका माणसाचा आवाज आला. तिथं लूमवर कामाला होता. म्हणाला, "ताई, मशीनना आवाजमा कानमा घालीसन ऐकं. माय आठवनी." एवढंच. चारू खाली धावत आली होती मला ऐकवायला. तो मेसेज तिने अजून ठेवला आहे.

लोक विचारायचे, याचे पैसे किती मिळतात. भूपेंद्रचे मित्रही विचारायचे. एक पैसा मिळत नाही म्हटलं की त्यांचे चेहरे असे व्हायचे की बाईच्या डोक्यात काहीतरी झालंय. मलाही आधी कळायचं नाही, माणसं हे कशासाठी करतात. रेकॉर्डिंगला कूलर बंद करावा लागतो, पंखाही. मग चारू आईच्या साड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोलायची, म्हणजे आवाज घुमत नाही म्हणे. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत. बाहेर आली की तोंड लालबुंद आणि डोळे चमकत असायचे. भूपेंद्र शिफ्टवरून आला तर दाराबाहेर पायरीवर बसून राहायचा, बेल वाजवायचा नाही. मला दिसला तर म्हणायचा, "वहिनी, आकाशवाणी चालू आहे. आम्हाला प्रवेश नाही." तक्रार नसायची त्यात. त्याला बायकोचा तो मोठा, मोकळा आवाज परत आलेला आवडत असावा.

मला वाटतं, तिला कोणीतरी ऐकणारं हवं होतं, आणि ऐकणाऱ्याने मध्ये अडवू नये असंही हवं होतं. दोन्ही एकाच ठिकाणी मिळत होतं. तिथंच घोटाळा झाला.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्षय्य तृतीया म्हणतात ती, आम्ही आखाजी म्हणतो. झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. आणि चारूच्या माहेरी शेवटी नदीवर एक मोठी गंमत असते. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि समोरच्या गावातल्या माणसांची नावं घेऊन टिंगलीची गाणी म्हणतात. एका काठाने म्हणायचं, दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं. कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाचं काय, काही बाकी ठेवायचं नाही. तोंडाला येईल ते. पण सूर्य कलला की संपलं. ते घरी न्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी काढायचं नाही. उन्हाळ्यात पांझरेला पाणी कुठलं, वाळूच असते. त्याच वाळूतून चालत जाऊन त्याच बायका एकमेकींना कुंकू लावतात.

या आखाजीला चारूने ते सगळं रेकॉर्ड केलं. तिच्या बाजूला झुंबरबाई होत्या, सत्तरीच्या, आवाज अजून खणखणीत. त्यांनी पलीकडच्या गावाचं एक जुनं गाणं काढलं:

पल्याड गावना प्रेमराज, अंधारले भ्यास,
बायकोना पदर धरीसन, वट्टाखाले जास.

अंधाराला भिणारा प्रेमराज, ओट्याखाली उतरायचं तरी बायकोचा पदर धरून जाणारा. वर्षानुवर्षं चाललेलं गाणं. सगळ्या हसल्या. पलीकडूनही हसल्याचा आवाज आला आणि मग उत्तर आलं. पण रेकॉर्डिंगमध्ये ते उत्तर नीट आलं नव्हतं. वारा आणि घोंघाट. म्हणून चारूने ते कापलं. झुंबरबाईंचं गाणं आणि अलीकडचं हसू ठेवलं. वर आपलं एक वाक्य जोडलं, हसत हसत: "आन् हाऊ प्रेमराज खरा मानूस शे बरं का मंडळी, आते बी अंधारमा निंघत नही."

तो भाग तिचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला. सुरत, नाशिक, पुणे, कुठून कुठून मेसेज. कोणीतरी त्यातला एवढाच तुकडा काढून व्हॉट्सॲपवर सोडला. चारू आठ दिवस हवेत होती. मीही तो तुकडा ऐकून हसले होते, खोटं कशाला बोलू.

आणि आता तो प्रेमराज माझ्या खुर्चीच्या कडेवर बसला होता.

चारू खाली आली तेव्हा तिच्या हाताला बेसन होतं. तिने त्यांना ओळखलं नाही. नाव तिला लहानपणापासून माहीत होतं, चेहरा नाही. मी सांगितलं, हे प्रेमराजभाऊ, नदीच्या पलीकडचे. तिने हात पदरात लपवले. का लपवले, कोणास ठाऊक.

"बसा ना भाऊ," ती म्हणाली. ते बसलेलेच होते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माले राग नही, ताई. दरसालनं गानं शे ते. आखाजीले मी बी काठवर ऱ्हास, मी बी हासस. झुंबरआक्का मनी आत्यासारखी. तिले माहीत शे ना बठ्ठं."

मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडे न बघता, टोपीकडे बघत. लहान असताना ते गावाबाहेरच्या विहिरीत पडले होते. कपारीला धरून रात्रभर तिथंच राहिले. दोन्ही गावं कंदील घेऊन शोधत होती. सकाळी मिळाले. "तईपासून. खरंच भ्यास मी. काय करू."

मी चारूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून समजलं की विहिरीचं तिलाही माहीत होतं. तिच्या आईने कधीतरी सांगितलेलं असणार. कपाटात तोंड घालून बोलताना मात्र ते आठवलं नव्हतं.

त्यांची मुलगी ज्योती. यंदाच लग्न झालं, चोपड्याला दिली. केळीचा मोठा बाग असलेलं घर. तिच्या दिराच्या मोबाइलवर तो तुकडा आला. त्याला आधी कळलंही नाही की हा आपल्या वहिनीचा बाप. कोणीतरी सांगितलं. मग त्याने त्याचीच रिंगटोन लावली. चहाच्या वेळी, जेवताना, फोन वाजला की घर हसायचं. ज्योतीही आधी हसली म्हणे. मग हसेना.

अधिक महिना लागला तसे प्रेमराजभाऊ जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं करायला गेले. बायकोने अनारसे करून दिले होते. काल दुपारी चोपड्याला पोचले.

"ज्योती फाटकमाच उभी व्हती. म्हने, आबा, आते तुम्ही आठे येत नका जाऊ. पिशवी बी नही काढी मी. तशाच फिरनू."

"रात्री कुठं होतात मग?" मी विचारलं.

"आठे स्टँडवर. तठे दिवा ऱ्हातस."

चारू खाली फरशीवर बसली. माझ्या घरात ती कधी फरशीवर बसली नव्हती. तिने फोन काढला, बेसनाच्या बोटांनीच, आणि त्यांच्या समोर तो भाग काढून टाकला. त्यांना दाखवलं. "काढला भाऊ. हे बघा, नाही आता."

त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं झालं. "मंग ज्योतीना घर बी नही वाजाव आते?"

चारूला सांगावं लागलं. की माझ्याकडून गेला, पण ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांच्या फोनमध्ये राहणार. तिथून मला काढता येत नाही. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

त्यांनी चारूच्या फोनकडे पाहिलं. "मंग काढं म्हनजे काय झायं?"

मी उठून गॅस पेटवला.

त्यांनी चहा घेतला. पोहे घेतले नाहीत. निघताना पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "हाई पिशवी घर लई गऊ ते बायको इचारी. तुम्ही खाई टाका." आणि चारूला म्हणाले, "तुमनं ते कळनानी भाकरनं चांगलं व्हतं. बायकोले आवडनं." जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. लाइट नव्हती, आमचा जिना अंधारा आहे. चारू ते बघत उभी होती. मी टॉर्च लावून पुढे गेले.

ती वर गेली ती दिवसभर खाली आली नाही. संध्याकाळी मी अनारशांची पिशवी घेऊन वर गेले. ती इअरफोन कानात घालून आपलाच भाग ऐकत होती, तिच्या फोनमध्ये जपून ठेवलेला. ऐकायची, मागे न्यायची, परत ऐकायची.

"गाणं नाही वहिनी," ती म्हणाली. "गाण्यात काही नाही. माझं हसू ऐका."

मी ऐकलं. खरंच वाईट होतं ते. झुंबरबाई हसत होत्या ते ओळखीच्या माणसाला हसतात तसं. चारू हसत होती ती मंडळींसाठी.

भूपेंद्र म्हणाला, "एवढं काय. गाणं आहे. आखाजीला चालतं." त्याला तिला बरं वाटावं असं वाटत होतं.

"आखाजीला चालतं कारण समोर माणूस असतो," ती म्हणाली. "तो पण माझं नाव घेतो. मी त्याचं उत्तर कापलं. वारा होता म्हणून."

लोकांचे मेसेज येत होते, ताई तो भाग कुठं गेला, परत टाका ना. दुसऱ्या दिवशी तिने माफीचा एक भाग रेकॉर्ड केला. कूलर बंद करून, कपाट उघडून, सगळं रीतसर. मला ऐकवला. चांगला होता, अगदी डोळ्यात पाणी यावं असा. ऐकून झाल्यावर तिने तो पुसून टाकला.

"का गं?"

"हे पण मी एकटीच बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. परत लोक म्हणतील, ताई काय बोलल्या. परत प्रेमराजचं नाव." तिने कपाटाचं दार लावलं. "चोपड्याला याल का माझ्याबरोबर? मला एकटीला जाता येणार नाही. लाज वाटते."

आम्ही रविवारी निघालो. अनारशांची पिशवी तिच्या मांडीवर. गाडी तापीवरून गेली, दोन्ही बाजूला केळीचे बाग लागले, उन्हाने पानं करपलेली. मी आपली उगाच म्हटलं, ज्योतीच्या सासरच्यांना विहिरीचं सांगितलं की त्यांनाच वाईट वाटेल, बंद करतील. तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

घर मोठं. अंगणात कडुनिंब, खाली खाट, ट्रॅक्टर. ज्योतीच्या सासूबाई, लताबाई, चिंचा फोडत बसल्या होत्या. मोकळ्या स्वभावाची बाई. "या, या. कुठल्या तुम्ही?"

चारूने नाव सांगितलं, जळगावहून आलो म्हणाली. पुढं काही बोलणार तोच पडवीत फोन वाजला.

आधी झुंबरबाईंचा आवाज. पल्याड गावना प्रेमराज. मग अलीकडच्या काठाचं हसू. मग चारूचं वाक्य. आन् हाऊ प्रेमराज खरा मानूस शे बरं का मंडळी. उचलेपर्यंत सगळं वाजलं. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कोणी वर बघितलंही नाही. फक्त आत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

ज्योतीचा दीर हितेंद्र फोनवर बोलून बाहेर आला. चोवीस-पंचवीसचा, हसरा. चारूने परत नाव सांगितलं तसा तो थांबला.

"थांबा थांबा. मावशी, आवाज ओळखीचा वाटतो. 'चारूचा वट्टा'? तुम्हीच का? आई, ह्याच त्या. आपल्या प्रेमराजवाल्या." आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "मावशी, एक सेल्फी घेऊ द्या. मित्रांना खरं वाटणार नाही."

चारूने मान खाली घातली. तो बिचारा समजला की ती लाजते आहे. लाजत तर होतीच.

"नको रे भाऊ," ती म्हणाली. "मी त्यासाठी नाही आले."

"काय हसतो आम्ही," लताबाई कौतुकाने म्हणाल्या. "जेवताना ठसका लागतो. व्याही पण गमतीचे असणार. परवा येऊन फाटकातूनच गेले म्हणे, बघा. आत यायला काय झालं होतं?"

मला राहवेना. मी तोंड उघडलं, विहिरीचं सांगायला. चारूने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. हळूच म्हणाली, "ते आपलं नाही सांगायचं वहिनी. त्यांचं एकदा सांगून झालंय माझं."

ज्योती पाणी घेऊन बाहेर आली. सडपातळ, नवं मंगळसूत्र, डोक्यावर पदर. ट्रे माझ्यापुढे धरला, मग चारूपुढे. चारूच्या हातातली पिशवी तिने पाहिली. पिशवीच्या बंदाला लाल दोरा बांधलेला होता, तिच्या आईच्या हातचा. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"आबांची पिशवी तुमच्याकडे कशी?"

"ते आमच्याकडे आले होते," चारू म्हणाली. "घरी नेता येईना म्हणाले."

ज्योतीने ट्रे खाटेवर ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण प्रमाण मराठी सुटलं. "मी सांगं त्यासले, येऊ नका. मना बाप आठे यी आन् फोन वाजी, ते माले देखवत नही." तिने दिराकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. चारूकडेच बघत होती. "आन् तुम्हीन ते अर्धच टाकं."

"काय अर्धं?"

"मी व्हतू तठे. पल्याडना काठवर. मनी पहिली आखाजी. मीच उत्तर दिधं, तुमनंच नाव लिसन. मोबाइलवाली बाईनं. बठ्ठ्या हासन्यात, झुंबरआजी बी हासनी. ते कोठे गयं?"

हितेंद्र बघायला लागला. लताबाईंच्या हातातली चिंच तशीच राहिली. "उत्तर? म्हणजे तिकडून पण यांचं नाव घेऊन गाणं असतं का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या गावाला नदी नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"असतं," मी म्हटलं. "नेहमी असतं."

चारू उठून उभी राहिली. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती, आताही पूर्ण केली नाही. पर्समधून फोन काढला, बंद केला आणि माझ्या हातात दिला. अनारशांची पिशवी खाटेवर ठेवली, ज्योतीच्या ट्रेशेजारी. मग अंगणाच्या त्या टोकाला, कडुनिंबापाशी जाऊन उभी राहिली. दोघींच्या मधे सारवलेलं अंगण होतं, ऊन पडलेलं.

"ज्योती," ती म्हणाली, "वारा व्हता, माले ऐकू नही उनं. मनं नाव लिसन काय म्हनं व्हतं ते एकदाव म्हन."